न पाहता न बोलणारे नेरकर सर

नेरकर सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले हे ऐकून मला धक्काच बसला. दुसरा धक्का या गौरव अंकाच्या मंडळींनी दिला. म्हणाले, लीलाबाई, तुम्हीही लिहा. मी चौथी शिकलेली. जळगावच्या कॉलेजात सरांच्या मानसशास्त्र विभागात झाडझूड करायचे. सरांच्या संशोधनावर विद्वान लिहितीलच. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते.

विभागात लागले त्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"साक्रीकडचं."

"अहिराणी येते?"

"तीच येते. हे तुमच्यासारखं बोलणं शिकावं लागलं."

सर खूश झाले. माणसं एका गोष्टीवरून दुसरी कशी ताडतात, याचा अभ्यास सरांनी जन्मभर केला. त्यासाठी साक्रीच्या बाजारात बायांना प्रश्न विचारायचे होते, आणि सरांचं बोलणं बायांना कळत नव्हतं. म्हणून मला सोबत नेलं. एवढा मोठा माणूस, पण एसटीत खिडकीची जागा मला दिली.

मिरच्या विकणाऱ्या एका अक्काला सरांचा प्रश्न मी सांगितला. एका गावात सगळी घरं कौलारू आहेत. शेवंताचं घर त्याच गावात आहे. मग शेवंताचं घर कौलारू आहे का?

अक्का म्हणाली, "मी शेवंतानं घर देखं नही. मंग कसं सांगू?"

सरांनी पुन्हा विचारायला लावलं. अक्का सरांकडेच वळली. "भाऊ, तू मास्तर शे ना? तुले माहीत शे, तं माले काबर इचारस?"

आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. सरांनी कागदावर शून्य लिहिलं. त्या दिवशी अशी कितीतरी शून्यं पडली. माझं डोकं फिरलं. परतताना बोललेच, "सर, न पाहता सांगणारीला आमच्याकडे चहाडखोर म्हणतात. ती खरं बोलली, आणि तिला शून्य?"

सर रागावले नाहीत. पण शून्य खोडलंही नाही.

काही वर्षांनी विभागातला लॅपटॉप गेला. चौकशी बसली. खोली किल्लीशिवाय उघडत नाही, किल्ली लीलाबाईकडे, म्हणजे लीलाबाईनेच नेला. झालं! नोकरी जाणार, वर घरी, पिंप्राळ्यात, चोर म्हणून राहायचं. मी सरांना गाठलं. "सर, तुम्हाला तरी पटतं ना, मी नाही घेतला?"

सर म्हणाले, "मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही."

मी हादरले. इतकी वर्षं यांचं टेबल पुसलं, आणि हे उत्तर? त्या दिवशी सरांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे छापणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या साहेबांनी सरांना विचारलं, "सर, तुम्ही तर याच विषयातले. सरळ आहे ना?"

सर उभे राहिले. "किल्ली यांच्याकडे होती हे मी पाहिलं. यांनी लॅपटॉप नेला हे पाहिलं नाही. तुमच्यापैकी कोणी पाहिलं?"

साहेब समोरचे कागद चाळू लागले.

"मग न पाहता कसं सांगू? याच उत्तराला मी साक्रीच्या बायांना शून्य दिलं होतं. चूक माझी होती. आज यांना काढलंत, तर मीही उद्यापासून येणार नाही."

मी दाराशी उभी. चारचौघांत स्वतःची चूक सांगणारा प्रोफेसर मी तोवर पाहिला नव्हता. नोकरी राहिली. सरांनी जुने कागद काढून बायांची शून्यं खोडली, हेही माझ्यासमोर.

लॅपटॉप आजवर सापडला नाही. पण त्याच महिन्यात सर गावाला निघाले, तेव्हा घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "झाडांना पाणी घाला."

मी बघतच राहिले. "सर, तुम्हाला तर माझी खात्री नाही!"

"नाहीच. खात्री असती तर विश्वास कशाला लागला असता?"

सर आता निवृत्त आहेत. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी खायला माझ्याकडे पिंप्राळ्याला येतात, ताट स्वतः उचलतात. मी अजून विचारते, "आता तरी सांगा, मी घेतला का?" अजून तेच उत्तर मिळतं.

सरांना शंभर वर्षं लाभोत, गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो. लाभतील का, असं सरांना विचारलं तर म्हणतील, न पाहता कसं सांगू. मग पाहू की! पाहायला मी आहे. सरांच्या घराची किल्लीही अजून माझ्याकडेच आहे.