गिरणीतली पाहुणी

माझे वडील भाताच्या गिरणीत पोती उचलत. मी कॉलेजात गेल्यावर गिरणीचे मालक त्यांना म्हणाले, "पोरगं शनिवार-रविवार घरी येतंय नव्हं? मग आमचं हजेरीबुक लिहू दे की. तेवढंच त्याला वळण लागंल." वडिलांनी लगेच मान डोलावली. मालकांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी तेव्हा इंटरला होतो. शनिवारी सकाळच्या एसटीने पुण्याहून उतरायचो तो सरळ गिरणीत जायचो आणि आठवड्याची हजेरी भरायला बसायचो.

बुकात नावं नऊ होती. गिरणीत माणसं दहा होती. पहिल्याच शनिवारी मी दोनदा मोजली आणि भीत भीत म्हणालो, "मालक, एक नाव राहिलंय बहुतेक."

"कुणाचं?"

"मावशींचं."

"ती होय? ती नुसती येती," मालक म्हणाले आणि इंजिनाकडे निघून गेले.

मावशी डोंगरावरच्या धनगरवाड्यातून यायच्या. त्यांचा नवरा मेंढरांमागे असायचा. त्या दिवस उगवता उतरायच्या आणि दिवसभर सुपाने तांदूळ पाखडून कणी वेगळी करायच्या. त्यांच्याइतका भरभर हात गिरणीत कुणाचा नव्हता. चार वर्षं त्या अशा नुसत्या येत होत्या.

मला याचा उलगडा कॉलेजच्या वाचनालयात झाला. तिथे कामगार कायद्यांची माहिती देणारी एक मराठी पुस्तिका होती. इंजिनावर चालणाऱ्या जागेत दहा माणसं कामाला असली की तो कारखाना होतो, असं तिच्यात लिहिलं होतं. मग आठवड्याची सुट्टी, पगारी रजा, प्यायचं चांगलं पाणी, संडास, सगळं आलं. मी ती पुस्तिका मालकांना दाखवली. मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांना ती तोंडपाठ होती.

"दहा झाली की कारखाना, असंच म्हणतोय ना कायदा? म्हणून तर मी नवावर थांबलोय. यात कायदा मोडला कुटं? उलट पाळला," ते म्हणाले. मग मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "अन् संडास कशाला रं? एवढा डोंगर मोकळा हाय. त्याला परत भिंती बांधायच्या?"

खरं सांगायचं तर मालक वाईट माणूस नव्हते. माझ्या कॉलेजच्या अर्जावर त्यांनीच सही केली होती. त्यामुळे मी पुस्तिका पिशवीत ठेवली.

वर्षातून एकदा, हंगामात, पुण्याहून तपासणीचे साहेब यायचे. ते एसटी स्टँडवर उतरून समोरच्या हॉटेलात चहा मागवत. हॉटेलवाला चहासाठी दूध आणायला मुद्दाम मालकांच्या घरी माणूस पाठवी. हीच खूण. मग साहेबांचा चहा संपून ते गिरणीपर्यंत चालत येईतो सगळं व्यवस्थित होई. मावशी सूप भिंतीला टेकवून ठेवत, पदरावरचा कोंडा झटकत आणि शेजारच्या मालकांच्या घरी ओसरीवर जाऊन बसत. कुणी विचारलं तर पाहुणी.

मालकीणबाईंना हजेरीबुकातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या ओसरीवर जी सवाष्ण बसली ती पाहुणी, एवढंच त्या जाणत. एरवी गिरणीच्या माठावरच्या डबड्याने पाणी पिणाऱ्या मावशींना त्या दिवशी कपबशीतून चहा मिळे.

मी सांगतोय त्या हंगामात मावशींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. मावशींनी मालकांकडे पंधरा दिवस मागितले, आणि परत आल्यावर आपली जागा असावी, एवढं मागितलं. मी बुक घेऊन शेजारीच बसलो होतो.

"रजा बुकातल्या माणसाला असती. तू बुकात हायेस का?" मालक म्हणाले.

"मग घाला बुकात."

"घातलं की दहा झाली. कारखाना झाला."

"मग ह्या नवांना तरी रजा हाय का?"

"कशी असंल? ते नऊच हायेत की."

म्हणजे रजा मागायला बुकात असावं लागत होतं, आणि बुकात असलेल्यांना रजा नव्हती, कारण मावशी बुकात नव्हत्या. अर्थशास्त्राच्या तासाला इतकं बिनचूक काही मी ऐकलं नव्हतं.

"जायाचं तर जा बाई," मालक शेवटी म्हणाले. "पर एक बाई कालच सूप घिऊन इचारून गेलीया. जागा ठिवता यायची न्हाई."

मावशी पुन्हा सूप घेऊन बसल्या. मी मात्र ठरवलं, साहेब आले की त्यांना सांगायचं. तोंडाने जमणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून कागदावर लिहून काढलं. लिहिताना वडिलांनी पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं.

"गिरणीचं लिवतुयास काय?"

मी हो म्हणालो.

"सायेब एसटीनं येनार अन् एसटीनं जानार," ते म्हणाले. "आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

तरी मी कागद खिशात ठेवला.

साहेब नेमके शनिवारी आले. दूध मागायला माणूस आला, मावशी ओसरीवर गेल्या. साहेबांच्या कागदांवरचं राज्याचं नाव त्या वर्षी बदललं होतं, प्रश्न मात्र तेच होते. कामगार किती? नऊ. उभे करा. नऊ जण रांगेत उभे राहिले, वडील शेवटी. साहेबांनी बोटाने मोजले, बुकातली नावं मोजली. माझा हात खिशात गेला.

"हा कोण?" साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

"ह्यो? ह्यो कालेजात शिकतुया," मालक म्हणाले.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मीही बुकात नव्हतो. दर आठवड्याला नऊ जणांची हजेरी माझ्या अक्षरात लागत होती आणि मी नुसता येत होतो. मावशी दहाव्या की अकराव्या, हे आधी ठरवायला हवं होतं. मी गोंधळलो. कागद खिशातच राहिला.

मालकांनी साहेबांना जेवायला ओसरीवर नेलं. बुक धरायला मीही मागून गेलो. मावशी खांबाला टेकून बशीत चहा ओतत होत्या. साहेब पाटावर बसले आणि सहज म्हणाले, "या कोण?"

"पाव्हण्या हायेत," मालक म्हणाले.

"कुठल्या गावच्या?"

"वरच्या वाड्यातली मी," मावशी म्हणाल्या.

"इतक्या जवळच्या? कधी आलात?"

"चार वर्सं झाली."

साहेबांचा हात ताटावर थांबला. "चार वर्षं पाहुण्या?"

"व्हय सायेब. दिस उगवाय येती, मावळाय जाती. लई चांगली मानसं हायेत. अजून कुनी जा म्हनलं न्हाई."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुकाकडे पाहिलं. साहेबांनी मावशींच्या पदराकडे पाहिलं. झटकूनही त्यावर कोंडा होताच. मावशींनी बशी खाली ठेवली.

"पर आता मला जायाला पायजे सायेब. लेक बाळंतपनाला आलीया, पहिलटकरीन. पाव्हणीनं आपल्या तोंडानं निघती म्हनू नये, म्हून बसली. मालकांनी निरोप द्यावा. आन पंधरा दिसांनी परत ये म्हनावं, म्हंजे मला येता यील."

आतून मालकीणबाई भाताचं भांडं घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. "अगं बाई, पहिलटकरीण घरात आन तू हितं बसलीस? आन पंधरा दिस काय? सव्वा महिना ऱ्हावं लागतं बाळंतिणीपाशी." त्या भाताचं भांडं तिथेच ठेवून आत गेल्या. नारळ, खण आणि तांदूळ घेऊन आल्या. मावशींना कुंकू लावून त्यांनी ओटी भरली, वर बाळंतिणीसाठी डिंक आणि तुपाचा गडू दिला.

"पंधरा दिस म्हनती ती," मालक हळूच म्हणाले. "पंधरा बास."

"सव्वा महिनाच असतो ना आपल्यात?" साहेबांनी विचारलं.

"असतो की," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग पाहुण्यांना नीट बोलवा. त्या निरोपाची वाट बघतायत."

"सव्वा महिन्यानं या," मालक मावशींना म्हणाले. चार वर्षांत ते त्यांना 'या' म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मावशींनी मालकीणबाईंना नमस्कार केला आणि ओटी सांभाळत डोंगराच्या वाटेला लागल्या. साहेबांनी आंबेमोहोराचा भात दोनदा घेतला, बुकात 'कामगार नऊ, ठीक' असा शेरा मारून सही केली आणि तीनच्या एसटीने ते गेले. त्यांना सगळं कळलं होतं की त्यांचं लक्ष फक्त भाताच्या वासाकडे होतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

सूप घेऊन विचारायला आलेली बाई पुन्हा आली तेव्हा मालकीणबाईंनीच तिला परत पाठवलं. ओटी भरून पाठवलेल्या पाहुणीची जागा दुसरीला द्यायची नसते, असं त्या म्हणाल्या. सव्वा महिना मालकांनी कणी तशीच तांदळात जाऊ दिली आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. मग एका रविवारी सकाळी मावशी उतरल्या. नातू झाला होता. त्यांनी भिंतीला टेकवलेलं सूप उचललं आणि पाखडायला बसल्या. मालक म्हणाले, "आलीस व्हय?" बाकी काही नाही.

त्या रविवारी वडील मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "बुकातनं माझं नाव काढता यील का?"

"कशाला?"

"पुढल्या साली तुज्या भनीचं लगीन करायचंय. आठ-दहा दिस तरी लागतील. मला पाव्हण्यात धर."

मी त्यांना समजावलं, की बुकात नाव असणं हाच कामगाराचा आधार आहे, ते काढून घेणं म्हणजे हक्क सोडणं. बरंच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"असंल," ते म्हणाले. "पर त्यात सुट्टी न्हाई."

पुढच्या शनिवारी मी मालकांना चाचरत विचारलं. त्यांनी थोडा विचार केला.

"एका टायमाला एकच पाव्हणा परवडतो," ते म्हणाले. "आन इंजिनवाल्यानं तुज्या बाच्या आदीच नंबर लावलाय."

मी घरी जाऊन वडिलांना तसं सांगितलं. ते चुलीपाशी बसून भाकरी खात होते.

"मग त्याच्या मागं लाव," ते म्हणाले.