अंदाजान मीठ घालूचा

डिचोलीच्या बाजारातल्या आमच्या फार्मसीत कुणी पोरासाठी तापाचं औषध मागितलं, की तिथले फार्मासिस्ट भाऊ दोन्ही कोपर काउंटरवर टेकायचे, घसरणारा चष्मा एका हाताने धरायचे आणि वाकून पलीकडे खाली बघायचे. गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी कुणी उभं आहे का, ते. नसलं की प्रश्न ठरलेला.

"पोर खंय आसा?"

"घरा आसा. अर्दी गुळी दी, भाऊ."

"वजन किती?"

"आसतलें धा-बारा."

"अंदाजान मीठ घालूचा, औषद नाय. पोराक घेवन ये."

गिऱ्हाईक चडफडत पायऱ्या उतरायचं. काही जण सरळ पुढच्या दुकानात जायचे, काही खरोखरच पोराला कडेवर घेऊन परत यायचे. कोपऱ्यात मोठ्या तबकडीचा वजनकाटा होता. त्यावर पोर उभं राहिलं की भाऊंचा चेहरा उजळायचा. मी शेजारच्या काउंटरवर साबण-पावडर विकायची. नऊ वर्षं हे बघत आले, म्हणून एकदा म्हटलं, "भाऊ, तुम्ही बाजारात कांदे विकायला बसायचं होतं. दिवसभर तोलत राहिला असता."

"कांद्याक लिव्हर नाय, बाय," ते म्हणाले.

लिव्हर हा त्यांचा लाडका विषय. पोर म्हणजे अर्धो माणूस नाय, हे तर पाठच. तान्ह्या बाळाचं लिव्हर म्हणजे नुकती पेटवलेली चूल, असं ते सांगायचे. धूर फार, आच कमी. औषध लवकर जळत नाही, अंगात साचत राहतं. मूत्रपिंडंही तेव्हा शिकाऊच असतात. तेच पोर दोन-तीन वर्षांचं झालं की चूल अशी भडकते, की काही औषधं ते वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षाही लवकर संपवून टाकतं. म्हणजे अर्धी गोळी एकाला भारी पडते आणि दुसऱ्याला पुरतही नाही. ऐकणाऱ्याला बसची घाई असली तरी भाऊ पुरतं सांगितल्याशिवाय सोडत नसत. घरी ऐकणारं कुणी नव्हतं, हे मला हळूहळू कळलं.

मूळचे कुडाळकडचे. जवळच सर्वण गावात एका खोलीत एकटे राहायचे. सकाळी पोदेराच्या भट्टीवरचे दोन पाव घ्यायचे, एक चहाबरोबर आणि एक दुपारी, आमच्या मागच्या खोलीत उभ्याउभ्या. अशाच एका दुपारी मी डबा उघडला आणि सहज विचारलं, "भाऊ, घरचं कोण नाही का?"

त्यांनी पाव कागदात परत गुंडाळला आणि सांगितलं. लग्नानंतर ते सुर्ल्याला राहायचे, तिथल्या औषधाच्या दुकानात होते. मुलगा तीन महिन्यांचा. त्याला खोकला झाला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचा होता. मोठ्या पोरांचं खोकल्याचं औषध घरात होतं, ते भाऊंनी चमच्याने दिलं. "जरा कमीच घातलंय," असं बायकोला म्हणालेही. मुलगा दोन दिवस इस्पितळात औषधाच्या गुंगीत होता, श्वास मोजत बसायची वेळ आली. वाचला. बायको मात्र त्याला घेऊन इस्पितळातूनच माहेरी कुडाळला गेली आणि पुन्हा आली नाही.

"तिचा काय चुकला नाय," भाऊ म्हणाले. "मी फार्मासिस्ट. आणि मीच अंदाज केलंय."

पुढे ती वारली. वर्षभराने दुकानाचा फोन वाजला. मुलगाच होता. आता त्याला मुलगी झाली होती, तिला ताप होता. थेंबांची बाटली संपली म्हणून मेडिकलमधून सिरप आणलं, औषध तेच, मग थेंबांइतकंच द्यायचं का? कुडाळहून बोलतोय, नंबर आईच्या वहीत मिळाला, इतकंच सांगून, नाव आणि नातं न काढता त्याने हे विचारलं. भाऊंनी ओळखलं.

"वजन किती?" भाऊंनी विचारलं. 

"आठ."

थेंबात औषध दाट असतं, सिरपमध्ये पातळ, माप वेगळं, हे त्यांनी दोनदा सांगितलं, त्याच्याकडून म्हणवून घेतलं. फोन ठेवल्यावर एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेनाने लिहिलं, आठ. नातीचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही.

त्यानंतर दीड वर्षात दोनदा फोन आला. दोन्ही वेळा तापच. साडेनऊ. अकरा. मग काही नाही. दुकानाचा फोन वाजला की भाऊंचा हात आधी पोचायचा.

"फोन येवक व्हयो, पण ताप नको," एकदा मला म्हणाले. "देवाकडे मागू तरी काय?"

"तुम्हीच करा की."

"खंयच्या तोंडान करू?"

मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. तेव्हापासून ते नातीच्या वयाची, दोन-अडीच वर्षांची मुलगी दिसली की, आई नुसता साबण घ्यायला आलेली असली तरी, तिला काट्यावर उभं करायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला छंद लागला.

सहा महिने फोन नव्हता. मग एका सोमवारी भाऊच आले नाहीत. खोलीवर झोपेतच गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा दुकानात आला, त्यांची छत्री आणि जादा चष्मा न्यायला. मी खणातला पुठ्ठाही दिला. पेनाचे तीन आकडे त्याने ओळखले. त्यांच्याखाली पेन्सिलीने महिन्यागणिक लिहिलं होतं, सव्वाअकरा, साडेअकरा, असं साडेबारापर्यंत. प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह.

"हे मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"अंदाज आहे त्यांचा," मी म्हटलं.

एवढ्यात काउंटरपलीकडून खुडबुड ऐकू आली. मी कोपर टेकून वाकले. लाल फ्रॉक घातलेली त्याची मुलगी आपली आपणच काट्यावर चढली होती. काटा तेरावर होता. भाऊंनी अर्धा किलो कमी धरलं होतं.

मुलाने पुठ्ठा तबकडीशेजारी धरला. "ताप नसताना मी एकदाही फोन केला नाही त्यांना," तो म्हणाला.

मी पेन पुढे केलं. ते त्याने घेतलं, पण लिहिलं नाही. मुलगी काट्यावरून उतरायला तयार नव्हती.