चैतरामभाऊंचे नऊ विद्यार्थी

गोंदियाच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर फ्रेंच शिकवायचे, तिथला नियम साधा होता. दहा मुलं भरली तरच विषय सुरू. गेल्या जुलैत माझ्याकडे एकच नाव होतं, आमगावकडच्या एका खेड्यातली रेणू. मोबाइलवर ऐकून ऐकून ती इतकं चांगलं फ्रेंच बोलायची की नागपूरला रीतसर शिकलेल्या मला लाज वाटली. तिला पुढे फ्रेंचमध्येच एम.ए. करायचं होतं, आणि त्यासाठी तीन वर्षं हा विषय हवाच होता.

मी तिला सांगितलं, दहा झाले नाहीत तर माझ्या हातात काही नाही. हे खोटं होतं. एकट्या मुलीसाठी विद्यापीठाकडे खास परवानगी मागता आली असती. पण त्यासाठी चार चकरा मारा, प्राचार्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघा, कोण करणार? मी आळस केला.

आठवड्याभरात तिचे वडील चैतरामभाऊ आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला चिखल, मागे गावची नऊ पोरं.

"दहा पायजे होते ना, म्याडम? हे घ्या."

त्यांच्या गावात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, असाच होतो. ज्याच्या भाताच्या बांधीत रोवणा, त्यानं घरोघर सांगायचं. घरटी एक माणूस येतो, आणि मग बोलावणाऱ्यानं त्या प्रत्येकाच्या बांधीत एकेक दिवस राबून फेड करायची. कॉलेजचा वर्गही असाच भरतो असं त्यांना वाटलं. आमच्याच कॉलेजात नाव घातलेल्या त्या पोरांनी भूगोल सोडून फ्रेंच घेतलं, आणि चैतरामभाऊ नऊ दिवस लोकांच्या चिखलात वाकून राहिले. मला हसू आलं होतं, हे आता कबूल करते. मी यादीवर सही केली.

पोरं वर्गात यायची. बापांनी शब्द दिला होता ना! मुन्ना नावाचा एक तर पहिल्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपायचा. रेणू मधल्या सुट्टीत त्यांच्याकडून क्रियापदं घोकून घ्यायची. "अबे, एक पान त लिहा," म्हणून चिडायची. कुणी लिहिलं नाही.

परीक्षेत रेणूला एक्याण्णव मिळाले, बाकी नऊ जण नापास. दहा टक्के निकाल पाहून कॉलेजनं विषयच बंद केला आणि रेणूच्या दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मवर भूगोल आला. ती रडली नाही. रडले मी, पण त्याचा तिला काय उपयोग?

"बाबूजीले सांगू नका, म्याडम," ती म्हणाली. "नऊ घरचा रोवणा केला त्याईनं."

मी त्यांना काही कळवलं नाही. पण या जुलैत ते स्वतःच आले. हातात वहीचं पान, त्यावर वीस नावं.

"मागच्या साली पोट्टे कच्चे होते, म्याडम. औंदा हुशार पाहून आनले."

मग मात्र मला राहवलं नाही. विषय बंद झाल्याचं सांगितलं, का झाला तेही सांगितलं. मी न केलेला तो अर्जही सांगितला. वाटलं, चिडतील, चार शब्द सुनावतील. मला ते हवंच होतं.

ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. कमरेवर हात दाबून त्यांनी त्या पानाकडे पाहिलं.

"म्हंजे मी पोट्टे आनले नसते, त एकटीच शिकली असती?"

"कदाचित," मी म्हटलं.

ते उठले, पान खिशात ठेवलं.

"चाल्लो, म्याडम. दुपारून कवडूच्या बांधीत जाचा हाये. वीस घरी शब्द देऊन बसलो, रोवणा त कराच लागल."