देवाचा बारीक, आमचा जाडा

माझी मूठ लहान हाय. लगीन होऊन आले तवा सासूबाई म्हनल्या व्हत्या, "हिच्या मुठीत काय मावनार?" त्याच मुठीनं मी चाळीस वरसं देवाचा तांदूळ काढत आले.

आमी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. आमच्यात बायांची एक रीत हाय. भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ येगळ्या डब्यात टाकायचा. रविवारी डबा घेऊन उपासनेला जायचं. तिथं सगळ्यांचे डबे एकाच पोत्यात रिकामे करायचे, आन् महिनाअखेर ते पोतं ज्या घरची चूल अडली असंल तिथं पोचवायचं. घर कुनाचं, ते आमचे पाद्री पाळकसाहेब, त्यांच्या पाळकीनबाई आन् पोचवनारी, एवढ्यांनाच ठावं. आता दानाची थैली फिरतच न्हाई, भिंतीवर चौकोनी चित्र लावलंय, पोरं मोबाईल धरत्यात आन् दान जातंय. पन तांदूळ कसा जानार मोबाईलातून? म्हनून डबे राहिले.

पोचवनारी मी. कामोठ्याच्या हॉलात उपासना भरते, तिथं मागं बसून डबे रिकामे करायचे, हे पन माझंच काम. डबा उघडला का घर दिसतं. खांदेश्वरच्या मोठ्या फ्लॅटवाल्या काकूंचा बासमती. कोकनातल्या बाईचा उकडा. कुनाचा रेशनचा जाडा. आन् एखाद्या घरचा बारीक जाऊन एकदम जाडा आला, का मला कळायचं, हितं काईतरी बिनसलंय. मी कधी कुनाला बोलले न्हाई. पन खरं सांगते, मनात म्हनायचे, प्रार्थनेत ढिले पडले असतील. देव काय उगाच हात आखडतो का?

मंग आमचीच पाळी आली. ल्योक तळोज्याला कारखान्यात मशीनवर व्हता. एका सकाळी डबा घेऊन गेला आन् भरला डबा घेऊन परत आला. गेटला कुलूप. आमी चौघांनी, ल्योक, सून, नात आन् मी, सकाळी अकरालाच तो डबा खाल्ला. नात म्हनली, "पप्पा, उद्या पण लवकर या ना!"

उद्या काय, पप्पा अकरा महिने घरीच.

घरचा बारीक कोलम बंद झाला, रेशनचा जाडा सुरू झाला. मला त्याचं काई न्हाई. लहानपनी मी भात सनालाच बघितलाय. पन डब्याचं काय करायचं? जाडा तांदूळ घेऊन गेले का सगळ्या बाया बघनार, आन् मनात तेच म्हननार जे मी म्हनायचे. म्हनून मी काय केलं, उरलेला सहा-सात किलो कोलम पिठाच्या पिंपात दडवला. घरात जाडा शिजायचा, आन् डब्यात मूठ जायची ती कोलमची.

सुनेनं धरलंच मला. "आई, पोरीला ताप होता तेव्हा पेजेला पण जाडाच काढलात. आणि हा काय?"

"तो देवाचा हाय."

"देवाचे दात पडलेत का, बारीकच लागतो ते?"

मी पिंपाचं झाकन लावलं. सुनेची जीभ तिखट, पन ती खोटं बोलत न्हाई.

घरात दोन तांदूळ हायत हे सात वर्सांच्या नातीला कळायला किती येळ लागनार? एका रविवारी पोरांच्या वर्गात टीचरनं इचारलं, आपन देवाला काय देतो? कुनी म्हनलं गानं, कुनी म्हनलं पैसे. आमची उभी राहिली आन् म्हनली, "आमच्या घरी देवाचा तांदूळ बारीक, आमचा जाडा."

टीचरच्या डोळ्यात पानी. तिनं पाळकसाहेबांना सांगितलं. साहेबांनी भर उपासनेत सांगितलं, "आपल्यात एक आजी आहेत, ज्या उत्तम ते देवाला देतात आणि स्वतः साधं खातात. पुढच्या रविवारी त्या साक्ष देतील." साक्ष म्हंजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. सगळे मागं वळून माझ्याकडं बघाय लागले. माझ्या हातात कुनाचा तरी डबा व्हता, तो खाली पडला. तांदूळ हॉलभर.

तो आठवडा मी कसा काढला मलाच म्हाईत. साक्ष न्हाई द्यावी तर का न्हाई ते सांगावं लागनार. द्यावी तर एकतर देवासमोर खोटं बोलायचं, न्हाईतर घराची लाज सगळ्यांसमोर मांडायची. ल्योक तर म्हनायचा, "आई, कुणाला सांगू नकोस हां माझं. जॉब मिळेल, टेन्शन नको घेऊ." त्याचंच तोंड बारीक झालेलं.

शनिवारी भाजी निवडताना मी सुनेला इचारलं, "काय करू गं?"

ती म्हनली, "मला विचारता? मी तर म्हणते, सांगून टाका. सात महिने झाले, मला हसून हसून गाल दुखायला लागलेत."

ल्योक दारात उभा व्हता. त्यानं ऐकलं. म्हनला, "आई, तुला पटेल ते बोल. मी पुढंच बसतो."

रविवारी गेले पुढं. मी तिसरी शिकलेली, मला भाषन येत न्हाई. ल्योक खालून खुनावतोय, माईक तोंडाजवळ, माईक तोंडाजवळ. मी म्हनलं, "नातीनं सांगितलं ते खरं हाय. पन तुमी समजलात ते खरं न्हाई. तो बारीक तांदूळ देवासाठी नव्हता, तुमच्यासाठी व्हता."

कुनालाच कळंना.

"पोराची नोकरी गेली. घरात जाडा शिजतो. तुमाला कळू नये म्हनून मी कोलम लपवला. देवाला काय, त्याला जाडा चालतो. प्रभू सोता सुताराच्या घरचा, त्यांच्याकडं कुठला बासमती आला असंल? त्यानं ज्यांच्याबरोबर भाकर मोडली ती सगळी जाळंवाली, हातावर पोट असलेली मानसं. आन् मी म्हातारी, तंगी आली म्हंजे देव रुसला असं समजून बसले. तुमच्या कुनाच्या डब्यात जाडा आला तवा मी मनात तुमाला पन तेच म्हनलेय. त्याची माफी मागते."

मंग मागून एक म्हातारबुवा मोठ्यांदी म्हनले, "आमेन! आणि कोलम कुठल्या दुकानातला?" सगळे असे हसले का बाळं दचकून रडाय लागली. माझा ल्योक पन हसला. सात महिन्यांत पयल्यांदा मी त्याचे दात बघितले.

पाळकसाहेब उठले. म्हनले, "मावशी, या महिन्याचं पोतं तुमच्या घरी. पण पंचाईत अशी, पोचवणाऱ्या पण तुम्हीच."

"चला," मी म्हनलं, "रिक्षा एकाच बाजूची लागंल."

पोतं नावड्याला आमच्या घरी आलं. दुसऱ्या दिवशी मी हौसेनं पातेलंभर भात टाकला. आन् काय सांगू! बासमती शिजून लापशी, कोलम चिकट, जाडा अर्धाकच्चा, उकडा तर दाताखाली कडकड. अजून पानी घातलं. बासमती पार इरघळला, उकडा तसाच. नात म्हनली, "आज्जी, हा भात आपसात भांडतोय." एवढी वरसं मी तो तांदूळ घरोघरी पोचवला, दारात म्हनायचे, "भात करा, पोटभर खा." पोचवला, पन शिजवला कधीच नव्हता.

पुढच्या रविवारी खांदेश्वरच्या त्या बासमतीवाल्या काकू डबा द्यायला माझ्याजवळ आल्या. वाकून हळूच म्हनल्या, "भात केलात का?"

"केला. फसला."

"भात नाही करायचा हो त्याचा. दळून आणायचा. भाकरी छान होते, धिरडी पण. आम्ही दोन वर्षं तेच खाल्लं."

"तुमी? कवा?"

"तुम्ही हे काम घ्यायच्या आधी. यांचा धंदा बसला होता. तुमच्या आधीच्या मावशी आणून द्यायच्या. त्यांनी पण नव्हतं सांगितलं दळायचं." आन् आमी दोघी तिथंच, प्रार्थना चालू असताना, तोंडाला पदर आन् ओढनी लावून हसत बसलो. पाळकीनबाईंनी डोळे मोठे केले तरी थांबंना.

त्या पिठाची भाकरी पांढरी झाली न्हाई, जरा पिवळट, जरा तांबूस. पन मऊ. सून म्हनली, "ही भारी आहे. नोकरी लागली तरी हीच करा." नोकरी लागली पुढं चार महिन्यांनी, एका गोदामात; तवर दर महिन्याचं पोतं आमच्याच घरी येत व्हतं. पगार आधीपेक्षा कमी. भात अजून जाडाच हाय, आन् डब्यात मूठ पन जाड्याचीच जाते. पिठाच्या पिंपात आता पीठच असतं.

परवा कळंबोलीला एका घरी पोतं न्यायचं व्हतं. बाईनं दार अर्धंच उघडलं, मला ओळखलं आन् मान खाली घातली. नवी व्हती आमच्या मंडळीत, माझी साक्ष तिनं ऐकलेली नव्हती. तिनं हात लांब करून पोतं आत ओढलं आन् दार लावायला लागली.

मी म्हनलं, "ऐक गं. याचा भात करू नको. उकडा शिजत न्हाई आन् बासमतीचा गाळ होतो. दळून आन."

तिचा हात थांबला. "तुम्हाला कसं माहीत?"

"चार महिने खाल्लाय."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मंग दार पुरतं उघडलं. "आत या ना," म्हनली. "दूध नाहीये, कोरा चहा चालेल?"

"चालेल की," मी म्हनलं, आन् चपला काढल्या.