भर गल्लीतली होडी

हिराबाईंनी माझ्या टेबलावर जाळं आणून आदळलं, तेव्हा त्याला ट्रकचं ग्रीस लागलेलं होतं. जाळ्याबरोबर वासही आला. आमचा कारकून खुर्चीसकट मागं सरकला.

"ओवरशेर साहेब, आज बाबाच्या अंगठ्याचं नख गेलं. उद्या पाय जाईल. परवा बाबाच जाईल. मंग तुमी येनार का जालं इनायला?"

मी जिल्हा लोकल बोर्डाचा ओव्हरसियर. म्हणजे रस्ते, मोऱ्या, साकव यांची देखभाल करणारा माणूस. इंजिनियरच्या हाताखालचा आणि बाकी सगळ्यांच्या तोंडासमोरचा. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. माझं सेक्शन, म्हणजे मला नेमून दिलेला रस्त्याचा तुकडा, मुरुडहून आगरदांड्याकडे जाणारा. हिराबाईंचा कोळीवाडा त्याच तुकड्यावर होता.

त्या गावातून बंदरावर जायला दोन वाटा होत्या. एक बाजाररस्ता. तो वळसा घालून जाई आणि त्यावर सुपारीच्या गोण्यांनी भरलेल्या बैलगाड्या निवांत उभ्या असत. दुसरी वाट कोळीवाड्याची गल्ली. ती सरळ बंदरावर उतरे. मासळी न्यायला बर्फ भरून ट्रक येत. जो आधी पोचेल त्याचा ट्रक आधी भरे. त्यामुळे ट्रकवाल्यांनी बाजाररस्ता सोडला आणि गल्ली धरली. गल्लीत बोंबील वाळत, पोरं खेळत, कोंबड्या फिरत आणि पोशा नाखवा बसलेला असे.

पोशा नाखवा म्हणजे हिराबाईंचा सासरा. नाखवा म्हणजे होडीचा मालक, पण म्हाताऱ्याची होडी कधीच मोडीत निघाली होती. आता तो घरातल्या नि शेजाऱ्यांच्या फाटलेल्या जाळ्यांची डागडुजी करी. जाळ्याचं एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायचं आणि मध्ये सुई चालवायची. जाळं लांब, म्हणून म्हाताऱ्याचा पाय थेट गल्लीच्या मध्यावर येई. त्या दिवशी ट्रकच्या चाकात जाळं गुंतलं. नखावर निभावून म्हाताऱ्याचा अंगठा वेळेवर सुटला आणि जाळं एकटंच बंदरावर जाऊन पोचलं.

मी तडक जाऊन म्हाताऱ्याला समजावलं.

"नाखवा, अंगणात बसा ना."

"आंगनात सुकट हाय."

"मग पाय तरी आखडून घ्या."

"गल्ली आधीची का टरक आधीचा?" म्हाताऱ्यानं विचारलं, आणि पाय आणखी थोडा लांब केला.

मग मी ट्रक ड्रायव्हरला गाठलं. हसनमियाँ मुरुडचा. माणूस मोठा अदबशीर. त्यानं जाळ्याबद्दल मनापासून माफी मागितली.

"साहेब, कसम से सांगतो, मी सावकाशच हाकतो. पण मागं बर्फ असतो ना. बर्फाला सबूर कुठं?"

आता सरकारी उपाय सुरू झाले. पहिला उपाय पाटी. सागवानाची जाड फळी घेतली, दोन्ही बाजूंना सरकारी ऑइलपेंटचे तीन हात दिले आणि मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सावकाश हाका". अक्षर माझं चांगलं होतं. भक्कम खांबावर पाटी ठोकून समाधानानं परत आलो. चार दिवसांनी गेलो तर पाटी दिसेना. पाटी होती जागेवरच, पण तिच्यावर बोंबलांच्या माळा टांगल्या होत्या. मी हिराबाईंकडे पाहिलं.

"खांब लय मजबूत घातलाव, साहेब," त्या म्हणाल्या. हे कौतुक होतं. ते कसं नाकारायचं ते मला कळेना.

दुसरा उपाय उंचवटा. आज ज्याला स्पीडब्रेकर म्हणतात तो शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. मी आपलं मैलकुल्यांना, म्हणजे रस्त्यावरच्या आमच्या मजुरांना, दगड आणि मुरूम टाकून गल्लीच्या तोंडाशी आडवा बांध घालायला लावला. हेतू साधा होता. गाडी आदळेल, ड्रायव्हर धडा घेईल.

गाडी आदळली. धडा मात्र कोळणींनी घेतला. ट्रक बांधावर उडाला की मागून बर्फाचे गोळे खाली पडत. ते वरच्या लाकडी भुशासकट गोळा करायला सगळ्या बायका टोपल्या घेऊन धावू लागल्या. मासळी ताजी राहायला फुकटचा बर्फ! पूर्वी ट्रक आला की लोक बाजूला होत. आता हॉर्न ऐकू आला की अख्खा कोळीवाडा रस्त्यावर. आठवड्यानं हिराबाई पुन्हा ऑफिसात आल्या. मला वाटलं आभार मानतील.

"साहेब, बांध बरा हाय. पन आजून दोन घाला. नि उंच घाला जरा."

"हिराबाई, बाबांचा पाय कुठं आहे?"

"पाय तितंच हाय," त्या म्हणाल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "रोज हारन वाजला की हातातलं टाकून मी दारात धावते, साहेब. बर्फाचं काय, मिलतो म्हनून घेतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला. इतके दिवस मी पाट्या रंगवत होतो आणि बाईचा जीव टांगणीला होता.

तेवढ्यात ट्रक धाडणाऱ्या बर्फवाल्या शेठची तक्रार अलिबागला, आमच्या मुख्य कचेरीत, गेली. हुकूम आला, बांध काढा. काढला. ट्रक बुडालेला वेळ भरून काढायला आणखी जोरात जाऊ लागले.

त्या संध्याकाळी मी चिडून बाजाररस्त्यानं चालत निघालो आणि वडापाशी थांबलो. तिथं रस्ता एकाएकी वाकडा होतो. ना ओढा, ना खडक, उगीचच वळण. त्याचं कारण मला माझ्या आधीच्या ओव्हरसियरनं सांगितलं होतं. रस्ता आखला तेव्हा त्या जागी एक होडी बांधायला घेतलेली होती. कोळ्यांचा रिवाज असा की होडीच्या तळाचं लांब लाकूड एकदा पूजा करून, नारळ फोडून मांडलं, की होडी पाण्यात उतरेपर्यंत ते जागचं हलवायचं नाही. हलवलं तर होडी माणसं खाते म्हणतात. तेव्हा होडी हलली नाही. रस्ता हलला.

मी तसाच पोशा नाखवाकडे गेलो. त्याच्या घरामागं नव्या होडीचं लाकूड कित्येक वर्षं झावळ्यांखाली पडून होतं, हे मला ठाऊक होतं.

"नाखवा, होडी कधी घालताय?"

"घालीन. पन जागा कुटं हाय?"

"जागा मी दाखवतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी टेप घेऊन गेलो आणि गल्लीच्या तोंडाशी मापं घेतली. बैलगाडी जाईल, डोलीतलं बाळंतपण जाईल, ट्रक जाणार नाही, एवढी जागा सोडून मी खडूनं रेघ मारली. नोकरीत पुष्कळ अतिक्रमणं काढली होती. आखून दिलेलं हे पहिलंच. चांगला दिवस पाहून पूजा झाली. मलाही प्रसाद मिळाला.

हसनमियाँ दुपारी भरधाव आला आणि कचकन थांबला. खाली उतरून त्यानं लाकूड पाहिलं, त्याच्यावरचं कुंकू पाहिलं. त्याचाही बाप तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, होता. त्यानं चपला काढून लाकडाला हात लावून कपाळाला लावला, गाडी रिव्हर्स घेतली आणि मुकाट बाजाररस्त्यानं गेला.

शेठ मात्र मुकाट राहणारे नव्हते. महिन्याभरात अलिबागहून इंजिनियर साहेब जीप घेऊन हजर झाले.

"हे काय आहे?"

"होडी आहे, सर."

"मला दिसतंय होडी आहे. रस्त्यात काय करतेय?"

"तयार होतेय, सर."

साहेबांनी मुकादमाला फर्मावलं, "उचला ते लाकूड." मुकादम आणि मैलकुली आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागले. शेवटी मुकादम म्हणाला, "साहेब, पैला हात तुमी लावा. मंग आमी हाव."

साहेब सुशिक्षित होते. बाह्या सरसावून पुढं झाले. पोशा नाखवा जाळ्यावरून मान न उचलता बोलला, "साहेब उद्या दिघीला जानार ना? तरीवर आमचीच पोरं हायेत. होरीचं लाकूड हलवलेला मानूस ती तरीत घेत न्हाईत."

आगरदांड्याहून दिघीला खाडी ओलांडायची तर ही तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, हाच एक मार्ग. नाहीतर जीपनं सबंध दिवस खाडीला वळसा. साहेबांनी बाह्या हळूहळू खाली केल्या.

"ओव्हरसियर, हे किती दिवसांचं काम आहे?"

"तात्पुरतं आहे, सर."

"मग तात्पुरतं म्हणून रिपोर्ट द्या," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

सरकारी कामात तात्पुरती गोष्ट किती टिकते ते मला माहीत होतं. होडीच्या बाबतीतही तसंच झालं. पोशा नाखवाला कसलीच घाई नव्हती. सुतार दोन दिवस येई आणि महिनाभर गायब होई. कधी म्हातारा बसवलेली फळी पसंत नाही म्हणून काढायला लावी. शेवटी शेठच कंटाळले, वर खटपट केली आणि बोर्डाकडून बंदरासाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता मंजूर करून आणला. अशा रस्त्यासाठी मी तीन वर्षं अर्ज करून जे झालं नव्हतं ते म्हाताऱ्यानं बसल्या जागी करून घेतलं. नवा रस्ता सुरू झाला आणि पुढच्याच नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. हिराबाईंनी मला पहिला नारळ दिला. त्या खूप हसत होत्या.

त्यानंतर एकदा मी बंदरावर उभा होतो. हसनमियाँचा ट्रक सगळ्यांत पुढं लागला होता, पण ज्या मासळीसाठी लागला ती पोशा नाखवाच्या होडीत होती, आणि होडी रमतगमत येत होती. मागं बर्फ वितळत होता.

"नाखवा, जोरात हाणा की!" हसनमियाँ ओरडला.

म्हातारा नातवांना वल्ही मारायला बसवून, पाय पसरून आरामात टेकला होता. त्यानं नख नसलेल्या अंगठ्यानं होडीच्या आतल्या एका फळीकडे खूण केली. तिच्यावर सरकारी ऑइलपेंट अजून लखलखत होता. अक्षर माझंच. "सावकाश हाका."

पुढं नोकरीभर मी रस्तोरस्ती कितीतरी पाट्या लावल्या. ऐकली गेली ती एकच, आणि तीही पाण्यावर.