भाऊजींचं शेंगदाण्यांचं कडं

आमच्या शेजारच्या भाऊजींइतका, म्हणजे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांइतका, आकाशाशी घरोबा असलेला माणूस साऱ्या नागपुरात नव्हता. स्वतःच्या चपला कुठे काढल्या, हे मात्र त्यांना कधी सांगता आलं नाही. उमरेडच्या कोळशात वाढलेले, एकटे, दर रविवारी आमच्याकडे पोह्यांना. खिशात डांबरगोळ्या. "हे कोळशाच्या डांबरातून निघते, वहिनी, अन् हिचे भाऊबंद तिकडे ताऱ्यांमंधी तरंगून राहिले," असं म्हणत ते पोह्यांतले सहा शेंगदाणे बशीत गोल मांडत. अशी कार्बनची कडी एकमेकांना जोडली की झाला, रसायनाच्या भाषेत, सुगंधी रेणू. हायड्रोजनचे अणू अवकाशात एकेकटे भटकतात. दोघे थेट भेटले तर भेटीची उष्णता सोसवत नाही, लगेच वेगळे होतात. "तिसरं कोनीतरी लागते." मग शेवेचा एक तुकडा, म्हणजे पहिला अणू, कड्याला चिकटे, दुसरा येऊन त्याला घेऊन जाई आणि कडं भाऊजी खाऊन टाकत.

बाळांनो, तुमच्या आईला पाहायला चौथं स्थळ आलं, तोही रविवारच होता. "यानंतर मी कुणासमोर बसणार नाही," असं तिनं मला बजावलं होतं. कोराडीच्या वीजकेंद्रातले इंजिनियर, म्हणजे तुमचे बाबा, पोह्यांकडे बघत बसलेले आणि ही जमिनीकडे. एवढ्यात भाऊजी आले, बाबांच्या शेजारी टेकले आणि त्यांच्याच बशीतून शेंगदाणे वेचू लागले. मी कपाळाला हात लावला.

"पह्यला अणू चिकटला. दुसरा आला, तोबी चिकटला. संपलं."

"नाही, काका," तुमची आई मान वर करून म्हणाली. "दुसरा पहिल्याला घेऊन जातो."

"आणि तोवर पहिला वाट बघतो?" बाबांनी विचारलं.

"बघतो. कधीकधी फार वर्षं."

मग दोघं बोलतच राहिली. पोहे गार झाले.

लग्नानंतर मी विचारलं, "भाऊजी, मुद्दाम चुकलात ना? आणि तुमचं स्वतःचं काय?"

"कड्याले काय होते, वहिनी? ते तसंच राहते."

तुमचे आईबाबा परदेशी गेले, त्यानंतरच्या रविवारी भाऊजींनी पुन्हा शेंगदाणे मांडले. "दुसरा आला, तोबी चिकटला," म्हणाले आणि सवयीनं, तुमची आई यायची त्या आतल्या दाराकडे पाहत थांबले.

"नाही, भाऊजी," मी म्हटलं, "पहिल्याला घेऊन जातो."

"हां," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कडं खाल्लं नाही.