वाघासाठी भरलेली बंदूक

आमच्या भागात वाघ फार. निदान लहानपणी ऐकलं त्यावरून तरी फार. तो कुणाच्या मामाला भेटलेला असायचा, कुणाच्या मेव्हण्याला. सांगणाऱ्याला स्वतःला मात्र कधीच नाही. दर सांगण्यात तो वीतभर वाढायचा, आणि अशानं तो औंढ्याच्या डोंगरात मावायचा कसा, याची मला काळजी वाटायची. लांडगा त्यामानानं खराखुरा. धनगरांचं कोकरू पळवताना त्याला लोकांनी पाहिलेलं, पण माणसाच्या वाटेला तो जात नसे. रानडुकराबद्दल मी वावगं बोलणार नाही, कारण त्यानं माझ्या आत्याला एकदा बाभळीवर चढवलं होतं आणि दुपार टळेपर्यंत तिनं घरातल्या कुणाला टोमणा मारला नव्हता. पण ज्या श्वापदानं माझं लग्न मोडायची वेळ आणली, ते बोटाच्या पेराएवढंही नव्हतं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दोन-चार वर्षं आधीची गोष्ट. माझं माहेर शिरड शहापूरजवळ, ठरलेलं सासर पूर्णा नदीपलीकडे. नवऱ्या मुलाला मी पाहिलं नव्हतं, त्यानं मला पाहिलं नव्हतं. मोठ्यांनी एकमेकांची शेतं पाहिली होती, तेवढं पुरे होतं. वऱ्हाड सिद्धेश्वरकडच्या झुडपी रानातून बैलगाड्यांनी येणार होतं. त्या रानात वाघ, म्हणून नवरदेवाच्या मामांनी आपली ठासणीची बंदूक बरोबर घेतली. जोडीला हलगीवाले, शिवाय बैलांच्या गळ्यात होत्या नव्हत्या त्या सगळ्या घंटा. वाघ असलाच तर बहिरा होऊन परभणीकडे गेला असेल.

गावाच्या अलीकडच्या नाल्याशी काहीतरी खसपसलं, म्हणून मामांनी बंदूक ठासून भरली. काही आलं नाही. आता ठासणीच्या बंदुकीचं असं, की भरली की ती रिकामी करायचा सोपा मार्ग एकच. भरलेली बंदूक घेऊन मांडवात जाणं बरं नव्हे, हे मामांनाही कळत होतं. वऱ्हाड रिवाजाप्रमाणे आधी मारुतीच्या पारावर टेकलं. तिथंच आभाळाकडे बार काढावा, बंदूक रिकामी होईल आणि व्याह्यांना वर्दीही पोचेल, असा त्यांचा दुहेरी विचार.

पारावरच्या पिंपळाला आग्या मोहोळ होतं. सुपाएवढी पोळी लोंबत होती. ती मारुतीची राखण, म्हणून आमच्या गावात कुणी तिला हात लावत नसे. बायका प्रदक्षिणासुद्धा जोडवी वाजणार नाहीत अशा घालायच्या.

पुढचं मी पाहिलं नाही. मी मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत होते. पण ते इतक्या जणांनी सांगितलं की आता पाहिल्यासारखंच झालं आहे. वडील वऱ्हाडाला सामोरे गेले तेव्हा मामा नळी वर करत होते. वडिलांना सगळं लक्षात आलं. पण मुलीचा बाप तो. व्याह्यासमोर तोंडातून पहिलंच वाक्य 'हे करू नका' असं कसं काढायचं? म्हणून त्यांनी रीतीनं सुरुवात केली.

"राम राम पाव्हणं. वाटंत काय तकलीफ झाली न्हाई ना?"

"तकलीफ कसली? बंदूक असल्यावर वाघाची काय बिशाद."

"बराबर हाय. बैलं दमली असतील. घरची समदी खुशाल?"

"खुशाल."

"पाऊसपाणी?"

पाऊसपाण्याचं उत्तर बंदुकीनं दिलं.

मोहोळ उठलं आणि मग वऱ्हाड जे उधळलं म्हणता. कुणी गाडीखाली, कुणी कडब्याच्या गंजीत. वाघाला भ्यायला नको म्हणून आणलेले हलगीवाले आडात उतरून बसले. एक बैलजोडी रिकामी गाडी घेऊन थेट पूर्णेपलीकडे घरी गेली आणि तिकडे बोंब उठली की वऱ्हाड वाघानं खाल्लं. वडिलांनी आपली घोंगडी मामांवर टाकली आणि स्वतः उघडे राहिले. रीत त्यांनी तिथंही सोडली नाही.

माश्या शांत झाल्यावर सगळ्यांना आमच्या अंगणात आणलं. औषध काय, तर हळद. आमच्याकडे तिला काय तोटा. आत्यानं परातीत हळद कालवली, ती संपली तेव्हा माझ्यासाठी वाटलेलीही घेतली आणि दिसेल त्याला माखत सुटली. बघता बघता सगळं वऱ्हाड पिवळं झालं. नवरदेव कोणता ते त्याच्या आईलाही सांगता येईना.

"एवढ्या नवरदेवांत एकच नवरी," आत्या म्हणाली, "पोरगी पुरायची कशी?"

आम्ही पोरी आत तोंडात पदर कोंबून हसत होतो. तेवढ्यात बाहेरून मामांचा आवाज आला.

"हे लगीन व्हनार न्हाई. पोरीचा पायगुणच बराबर न्हाई. बैलं जुपा."

माझं हसू तिथंच थिजलं. वऱ्हाड दारातून परत गेलं की त्या पोरीचं पुढं काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं. गावात तशी एक होती. तिला सणालासुद्धा कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे. मी खिडकीच्या फटीशी गेले. वडील हात जोडून उभे होते, तोंड सुजलेलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना बोलायला रीतीचं वाक्य सापडत नव्हतं. त्यांना तसं बघून मला रडू फुटलं.

ओसरीवर बसलेल्या पिवळ्या माणसांतून एक उठला. त्याचे डोळे मिटून गेले होते आणि ओठ वांग्यासारखे झाले होते. भिंत चाचपत तो पुढे आला.

"मामा, बंदूक कुनाची व्हती?"

"माझी."

"बार कुनी काढला?"

मामा बैलांकडे बघायला लागले.

"ती तर घरातून भाईर बी आली न्हाई. मंग पायगुण कुनाचा म्हनायचा?"

नवरदेवाची आई हळूच हसली, तिच्यामागे बायका हसल्या, आणि शेवटी मामांनी, सूज आली होती तरी, मान खाली घालून मिशीवरून हात फिरवला. बैल सुटलेलेच राहिले.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा पलीकडे तोच वांग्यासारख्या ओठांचा माणूस होता, आणि त्याला काहीच दिसत नव्हतं; माझा हार घालून घ्यायला त्यानं मान वाकवली ती भटजींसमोर. त्यांनीच त्याला खांदे धरून माझ्याकडे वळवलं. पुढे सासरी सूज उतरली, तेव्हा कळलं की नवरा दिसायला अगदी बेताचा आहे. नणंदांनी मला जरा भीतभीतच विचारलं, "कसा वाटला आमचा दादा?" पण तोवर उशीर झाला होता. मला तो आवडून चुकला होता.